आरे 2014 ते 2025: पोरं रस्त्यावर आली, पण फाईल तोवर पुढे गेली होती

4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. नवरात्र चालू होतं, विधानसभेची आचारसंहिता लागलेली होती, आणि त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने मेट्रो 3 च्या कारशेडसाठी, म्हणजे ट्रेनच्या डेपोसाठी, तोडायच्या आरेच्या झाडांसंबंधीच्या सगळ्या याचिका फेटाळल्या. अंधार पडायच्या सुमारास व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागले की आत मशीन चालू झाल्यात, झाडं पडतायत. कुणी इन्स्टावर लाईव्ह गेलं आणि मागे करवतीचा आवाज ऐकू येत होता. तासाभरात शेकडो पोरंपोरी आरेत पोचली, कुणी ऑफिसमधून निघून थेट, कुणी घरी खोटं सांगून, आणि आतल्या आदिवासी पाड्यांवरची माणसं तर तिथेच होती. पोलिसांनी कडं केलं, रात्रभर धरपकड, सकाळी परिसरात जमावबंदी. 29 जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थी होते, सहा बायका होत्या, आणि लावलेल्या कलमांमध्ये 353 होतं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडथळा, अजामीनपात्र. विशीतल्या पोरावर हे कलम लागणं म्हणजे काय ते नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन करायला गेलं की कळतं.

तरुणांचा सार्वजनिक कामातला सहभाग या विषयावर बोलायचं तर मला हीच केस घ्यावीशी वाटते. कारण ती सगळे अर्धीच सांगतात. एक गट म्हणतो पोरांनी आरे वाचवलं, दुसरा म्हणतो काय उपयोग झाला, झाडं गेली, कारशेड झालं, मेट्रो धावतेय. दोन्ही बरोबर नाही. या केसमध्ये तरुणांचा जोर कुठे चालला आणि कुठे अजिबात चालला नाही हे तारखेतारखेने बघता येतं, इतकी कागदपत्रं आहेत, आणि ते बघितलं की पुढच्या वेळी काय करायचं ते बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

आधी जागा समजून घेऊ. आरे मिल्क कॉलनी 1949 ची. शहरातले तबेले बाहेर हलवायचे म्हणून गोरेगावच्या पूर्वेला सरकारने जमीन घेतली, तेराशे हेक्टरच्या आसपास. जमीन कागदावर दुग्धविकास खात्याची, पण त्या आधीपासून तिथे वारली आणि इतर आदिवासी राहतायत, 27 पाडे आहेत, पाड्यांजवळ वाघोबाची ठाणी आहेत आणि बिबट्या खरोखरच येतो. एका बाजूला नॅशनल पार्क, मधून मिठी नदी. 2010 मध्ये दोन तरुण अभ्यासकांनी इथल्या विंचवाची एक नवीन जात नोंदवली, तिचं शास्त्रीय नावच लायकस आरेएन्सिस आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळा वाद "हे जंगल आहे का नाही" यावर अडकला आणि सरकारी कागदावर ते जंगल नव्हतं, कुरण होतं.

आता मेट्रोची बाजू, आणि ती नीट ऐकायला हवी. मेट्रो 3, कुलाबा-वांद्रे-सीप्झ, 33.5 किमी, 27 स्टेशनं, एक आरेचं सोडून सगळी जमिनीखाली. ट्रेन रात्री उभ्या कुठे करायच्या, धुवायच्या कुठे, दुरुस्ती कुठे, त्याला मार्गाच्या टोकाला मोठी सलग जागा लागते आणि मुंबईत ती मिळणं किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. आरेतली साधारण 33 हेक्टर सरकारी जमीन आयती होती, म्हणजे आरेच्या तीन टक्क्यांपेक्षाही कमी, असा मेट्रोवाल्यांचा हिशोब. आणि जी पोरं विरोधात उभी होती त्यातली निम्मी तरी रोज गोरेगाव-अंधेरीहून लोकलला लटकून जाणारी असतील, त्यांनाही मेट्रो हवीच होती, त्यांचं म्हणणं होतं मेट्रो हवी पण कारशेड इथे नको. हा फरक टीव्हीवर कधीच नीट आला नाही. विकासविरोधी म्हणून शिक्का बसला तो बसलाच.

सुरुवात 2019 ची नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 2014 च्या शेवटी कारशेडसाठी 2,298 झाडं जाणार अशी नोटीस आली आणि सेव्ह आरे हे नाव तेव्हापासूनचं आहे. रविवारी झाडं बघायला लोकांना घेऊन जाणं, सह्या गोळा करणं, पाड्यावर बसून बोलणं असं चालायचं. विरोध वाढला म्हणून मार्च 2015 मध्ये सरकारने तांत्रिक समिती नेमली, ऑगस्टमध्ये तिचा अहवाल आला, आणि समितीतल्या दोन तज्ज्ञ सदस्यांनी, एक नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे, एक आयआयटी मुंबईचे, आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं की आरे नको, कांजूरमार्ग बघा. हा कागद त्या काळात सोन्यासारखा होता. सरकारच्याच समितीतली माणसं सांगतायत! पण 2015 मध्ये तो कागद घेऊन कॉलेजाकॉलेजात कोण गेलं? फार कमी लोक. 2016 मध्ये नॅशनल पार्कभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, जाहीर झाला आणि त्यातून कारशेडचा भाग वगळला गेला, तेव्हाही रस्त्यावर गर्दी नव्हती. हरित लवादात केस चालू होती, तारखा पडत होत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मला या सगळ्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची वाटते. 2019 ला जो 20 वर्षांचा होता तो 2014 ला नववी-दहावीत होता. म्हणजे निर्णय जेव्हा होत होता, जागा ठरत होती, नकाशावर रेषा मारल्या जात होत्या, तेव्हा ही पोरं शाळेत होती, आणि ती कॉलेजात येईपर्यंत जागा, कर्ज, कंत्राटं, सगळं ठरून बोगदे खणायला सुरुवात झाली होती. मोठ्या प्रकल्पाला दहा-बारा वर्षं लागतात, कॉलेजचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. त्यामुळे दर वेळी नवीन बॅच येते, नव्याने चिडते, नव्याने पोस्टर रंगवते, आणि आधीच्या बॅचला माहीत असलेलं अर्धं तिला माहीत नसतं. आरेमध्ये हा धागा टिकवला तो वयाने मोठ्या चार-पाच लोकांनी आणि पाड्यांवरच्या घरांनी, ज्यांना सोडून जायचा पर्यायच नव्हता. तरुणांच्या चळवळीत फाईल सांभाळणारं आणि ती पुढच्याच्या हातात देणारं कुणीतरी लागतं, आणि हे काम कुणालाच ग्लॅमरस वाटत नाही.

2019 मध्ये गोष्टी वेगाने झाल्या. झाडांचा आकडा वाढून 2,646 झाला होता. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याआधी पेपरात जाहीर नोटीस, झाडावर नोटीस, आणि लोकांना हरकती द्यायची मुदत. या वेळी हरकती आल्या 80 हजारांच्या वर. हा आकडा मुंबईच्या हिशोबानेही प्रचंड आहे आणि त्यात तरुणांचा वाटा मोठा होता हे उघड आहे, मोहीम सगळी ऑनलाईन होती.

पण हरकत म्हणजे काय ते जरा जवळून बघू, कारण कॉलेजच्या पोरांसोबत ही केस घेतो तेव्हा मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. ऑनलाईन मोहिमेत सहसा एक तयार मजकूर असतो, नाव टाकायचं आणि सेंड दाबायचं. अधिकाऱ्याच्या टेबलावर ते सगळं मिळून एकच हरकत होते, "नागरिकांचा विरोध आहे". आता दुसरी हरकत बघा. यादीत अमुक नंबरचं झाड पुनर्रोपणात दाखवलंय, त्याचा घेर इतका, हे झाड या वयात हलवलं तर जगत नाही, आधी हलवलेल्या झाडांपैकी किती जगली त्याची आकडेवारी द्या, ती दिल्याशिवाय परवानगी देऊ नका. किंवा, अमुक नंबरची झाडं नदीकाठाच्या पट्ट्यात येतात, पुराच्या पाण्याचं काय करणार ते अहवालात नाही. अशा हरकतीला उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर तो मुद्दा कोर्टात उभा राहतो. यादी हातात घेऊन एक दुपार झाडांमधून फिरलं की अशा दहा हरकती सहज निघतात. वनस्पतीशास्त्राच्या पोरांना तर हे प्रॅक्टिकलसारखंच. 80 हजार ईमेलचं महत्त्व मी नाकारत नाही, त्यामुळे विषय शहराचा झाला, पण त्यातल्या 200 जणांनी जरी झाडाच्या नंबरावर बोट ठेवून लिहिलं असतं तर फाईलचं वजन वेगळं झालं असतं असं मला ठामपणे वाटतं.

29 ऑगस्ट 2019 ला वृक्ष प्राधिकरणाची मीटिंग झाली. यात कोण बसतं? अध्यक्ष पालिका आयुक्त, सदस्य आपलेच नगरसेवक आणि काही तज्ज्ञ. मतदान झालं आणि 2,185 झाडं तोडायला, 461 झाडं हलवायला मंजुरी मिळाली. नंतर एका तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामा दिला, म्हणाल्या मतदान कशावर चाललंय हेच नीट कळलं नाही. विचार करा, अडीच हजार झाडांचा निर्णय आणि मत देणाऱ्यालाच प्रश्न स्पष्ट नाही. आणि त्या खोलीतले नगरसेवक ज्या निवडणुकीत निवडून आले त्या 2017 च्या पालिका निवडणुकीत मतदान झालं होतं 55 टक्क्यांच्या आसपास, आणि मुंबईसाठी तो आकडा चांगला समजला गेला. आपल्या वॉर्डचा नगरसेवक वृक्ष प्राधिकरणावर आहे का, हे आरेच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी किती जणांना माहीत होतं?

मीटिंगनंतर मात्र लोंढा आला. दर रविवारी पिकनिक पॉइंटजवळ मानवी साखळी, पावसात छत्र्या घेऊन, आजीआजोबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत. सप्टेंबरमध्ये जगभर विद्यार्थ्यांचे हवामान संप झाले, मुंबईच्या पोरांनी आरे त्याला जोडलं आणि विषय बाहेरच्या पेपरांत गेला. अमिताभ बच्चन यांनी मेट्रोच्या बाजूने ट्वीट केलं तर पोरं पोस्टर घेऊन त्यांच्या बंगल्याबाहेर उभी. हे सगळं खरं होतं, मनापासून होतं, आणि त्यातली ऊर्जा अशी होती की अजून आठवलं तरी बरं वाटतं. पण तारीख बघा. परवानगी ऑगस्टमध्ये होऊन गेली होती. गर्दी आली ती निर्णय झाल्यावर.

आणि हायकोर्टाने नेमकं तेच म्हटलं. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने 4 ऑक्टोबरला निकाल दिला. आरे जंगल आहे की नाही हा मुद्दा आधीच सुप्रीम कोर्ट आणि हरित लवादासमोर आहे म्हणून त्यात ते गेले नाहीत, आणि पर्यावरणाच्या बाजूच्या लोकांचा कायद्यातल्या प्रक्रियेशी संपर्क सुटला म्हणून ते हरतायत, आता घड्याळ मागे नेता येत नाही, अशा अर्थाचं कोर्टाने लिहिलं. वाचताना राग येतो. पण हे वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याने भिंतीवर लावावं असं आहे.

त्याच रात्री झाडं पडायला लागली. दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला की परवानगीनंतर पंधरा दिवस थांबायला हवं ना, ऑर्डर तर वेबसाईटवर आज दिसतेय, आणि मेट्रो कॉर्पोरेशनच्या प्रमुख अश्विनी भिडे यांनी जाहीर उत्तर दिलं की वृक्ष प्राधिकरणाचा आदेश 13 सप्टेंबरचा आहे, पंधरा दिवस 28 सप्टेंबरला संपले, आम्ही कोर्टासाठी थांबलो होतो. कोण बरोबर यात मी जात नाही. पण पंधरा दिवसांचं घड्याळ कुठल्या दिवशी सुरू झालं हे आंदोलनातल्या जवळजवळ कुणालाच वेळेवर माहीत नव्हतं. हजारो लोक रोज पोस्ट टाकत होते आणि एकाही ग्रुपमध्ये पालिकेत जाऊन "आदेश निघाला का" एवढं रोज विचारणारा माणूस ठरलेला नव्हता, निदान तसं काही समोर आलं नाही. परवानगीच्या आदेशाची कॉपी पहिल्याच दिवशी हातात असती तर पंधरा दिवसांत कोर्टात बरंच काही करता आलं असतं.

रविवारी 6 तारखेला दोन गोष्टी झाल्या. अटकेतल्या 29 जणांना सुट्टीच्या कोर्टाने 7,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं, अट अशी की आंदोलनात भाग घ्यायचा नाही. आणि कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. म्हणाल तर साधं पत्र. झाडं पडतायत, आमचे मित्र तुरुंगात आहेत, याचिका दाखल करायला वेळ नाही, कोर्टाने स्वतःहून लक्ष घालावं. दसऱ्याची सुट्टी चालू होती तरी सुप्रीम कोर्टाने त्या पत्रालाच जनहित याचिका मानलं, सोमवारी 7 तारखेला न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांचं खास खंडपीठ बसलं आणि यापुढे झाड तोडू नका असा आदेश झाला. अटकेतलं कुणी आत राहिलं असेल तर सोडा असंही सांगितलं.

तोपर्यंत 2,141 झाडं गेली होती. 2,185 पैकी.

पोरांना ही केस शिकवताना हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात कुणी बोलत नाही थोडा वेळ. मग कुणीतरी विचारतं की सर मग त्या पत्राचा उपयोग काय. उपयोग आहे, आणि तो पुढे पाच वर्षांनी दिसला, सांगतो. पण त्याआधी हेही सांगायला हवं की ते पत्र एकट्याच्या बळावर चाललं नाही. रस्त्यावर गर्दी नसती, 29 जण आत नसते, देशभर बातमी नसती तर सुट्टीत खंडपीठ बसलं असतं असं वाटत नाही. गर्दीने लक्ष वेधलं आणि पत्राने ते लक्ष कोर्टाच्या एका ठरलेल्या दारातून आत नेलं. कायद्याचा विद्यार्थी असल्यामुळे त्याला ते दार कुठे आहे ते माहीत होतं. दोन्ही लागतात, आणि आपल्याकडे पहिलं भरपूर आहे.

नंतरची तीन वर्षं राजकारणाची. नोव्हेंबर 2019 मध्ये सरकार बदललं, उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्री झाल्या झाल्या कारशेडचं काम थांबवलं आणि आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्यायची घोषणा केली. पोरांनी पेढे वाटले. ऑक्टोबर 2020 मध्ये आरेतली 800 एकर जमीन राखीव जंगल करणार आणि कारशेड कांजूरमार्गला नेणार असं जाहीर झालं. कांजूरची जमीन मिठागराची, केंद्राने मालकी सांगितली, डिसेंबर 2020 मध्ये हायकोर्टाने तिथे स्थगिती दिली. आणि 30 जून 2022 ला पुन्हा नवीन सरकार, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री, कारशेड परत आरेत. जुलैमध्ये आरेतल्या कामावरची स्थगिती अधिकृतपणे उठली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. कामाला दिलेली स्थगिती हा सरकारचा तोंडी-लेखी आदेश, तो पुढचं सरकार एका मीटिंगमध्ये फिरवतं आणि फिरवला. पण राखीव जंगल हे भारतीय वन कायद्याखालचं नोटिफिकेशन, ते मात्र एका मीटिंगमध्ये पुसता येत नाही. 2019 च्या पेढ्यांमध्ये सगळे स्थगितीसाठी नाचले, जंगलाच्या नोटिफिकेशनची बातमी आली तेव्हा कोविड होता आणि फार कुणी बघितलं नाही. खरं टिकणारं काम ते होतं. तरुण मंडळींनी सरकारकडे मागणी करताना "थांबवा" एवढंच न म्हणता कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली थांबवायचं ते मागावं, हे मी आरेमुळे शिकलो.

जुलै 2022 मध्ये रविवारच्या साखळ्या परत सुरू झाल्या. या वेळी पोलिसांनी बऱ्याच जणांना आधीच नोटिसा पाठवल्या. आणि एक नवीन प्रकार झाला, आंदोलनात लहान मुलं पोस्टर घेऊन उभी दिसली म्हणून राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आदित्य ठाकरे यांच्यावर कारवाई करा असं मुंबई पोलिसांना लिहिलं. पक्षाचं राजकारण बाजूला ठेवा, पण प्रश्न खरा आहे की 12 वर्षांच्या मुलीला आपल्या घराशेजारच्या झाडाबद्दल बोलायचं असेल तर ती कुठे बोलणार? पाड्यावरची मुलं तर त्या झाडांखालीच वाढलेली. मतदार नाहीत, हरकत लिहिता येईल पण कुणी सांगितलेलं नाही, आणि पोस्टर धरलं तर मोठ्यांवर केस. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पालिकेची रचना असते, वॉर्ड समिती असते, पण जाहीर नोटीस कशी वाचायची ते नसतं.

मला या केसमधला सगळ्यात आशेचा भाग 2022-23 चा वाटतो आणि त्याचे फोटो कुठेच नाहीत. मेट्रो कॉर्पोरेशनने सुप्रीम कोर्टात सांगितलं की रॅम्पसाठी आणखी 84 झाडं तोडायची आहेत, नोव्हेंबर 2022 मध्ये कोर्टाने तेवढ्यापुरता अर्ज करायची मुभा दिली. जानेवारी 2023 मध्ये पालिकेची नोटीस निघाली, त्यात आकडा 177. या वेळी लोक नोटीस वाचत होते. 84 आणि 177 हा फरक लगेच पकडला गेला, हरकती गेल्या, कोर्टात गेले. आणि 17 एप्रिल 2023 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मेट्रो कॉर्पोरेशनला 10 लाखांचा दंड केला, 84 ची परवानगी असताना जास्त झाडांसाठी थेट प्राधिकरणाकडे जाणं चूक आहे असं सुनावलं, आणि बदली लावलेली झाडं खरंच जगतायत का ते बघायला आयआयटी मुंबईच्या संचालकांनी टीम नेमावी असंही सांगितलं. झाडं तोडायची परवानगी मात्र दिली, प्रकल्प अडू नये म्हणून. ती झाडं त्याच महिन्यात गेली.

हा विजय आहे का? पूर्ण नाही. पण 2019 ला हजारो लोक असून जे जमलं नाही, म्हणजे सरकारी यंत्रणेची चूक वेळेत, कागदावर, पुराव्यासकट पकडणं, ते 2023 ला मूठभर लोकांनी केलं. तेव्हा पालिकेत नगरसेवकही नव्हते, मार्च 2022 ला मुदत संपल्यापासून प्रशासक राज चालू होतं, म्हणजे वृक्ष प्राधिकरणात लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतं. ज्यांना मत देऊन बदलता येईल असं कुणी समोर नसताना हरकत हा एकच लोकशाही मार्ग हातात होता आणि तो वापरला गेला.

मेट्रो 3 चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, वर्षभराने थेट कफ परेडपर्यंत. गाड्या आरेच्याच कारशेडमध्ये जातात. पण ते विद्यार्थ्याचं पत्र, ज्यातून 2019 ची याचिका जन्माला आली, ती केस सुप्रीम कोर्टात जिवंत राहिली होती, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच प्रकरणात कोर्टाने सांगितलं की आमच्या परवानगीशिवाय आरेत एकही झाड तोडायला प्राधिकरणाने मंजुरी द्यायची नाही. त्यामुळे गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या बोगद्यासाठी फिल्म सिटीकडची 95 झाडं काढायची वेळ आली तेव्हा पालिकेला आधी सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागला, किती झाडं, का, बदल्यात कुठे लावणार ते सांगावं लागलं. परवानगी मिळाली त्यांना, पण रात्रीत मशीन लावून उरकण्यासारखं काम ते आता राहिलेलं नाही.

पाड्यांबद्दल न बोलता ही केस संपवता येणार नाही. 2019 चे फोटो काढून बघा, पोस्टरं बहुतेक इंग्रजीत आहेत. कारशेडच्या जागेवरची काही आदिवासी कुटुंबं तोवर हलवलीही गेली होती, एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, बिल्डिंगमध्ये, जिथे भाजीचा वाफा नाही, कोंबडी पाळता येत नाही. शहरातली पोरं झाडांसाठी आली होती आणि ते चांगलंच होतं, पण पाड्यावरच्या तरुणांचा प्रश्न झाडाबरोबर जमिनीचाही होता, वनहक्काचाही होता, आणि हे सगळं ऐकून घ्यायला रविवारच्या दोन तासांत वेळ नव्हता. ज्यांनी वेळ काढला ते टिकले. मी बघितलंय की पाड्यावर जाऊन अभ्यासवर्ग घेणारी, जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देणारी, वारली पोरांबरोबर पावसाळी भाज्यांची जत्रा भरवणारी मंडळी 2022 ला परत आली, आणि फक्त साखळीत उभी राहिलेली बरीचशी आली नाहीत. त्यांना दोष द्यायचा नाहीये, नोकऱ्या लागल्या, शहरं बदलली. पण नेतृत्व कुठून तयार होतं असं कुणी विचारलं तर मी त्या फॉर्म भरणाऱ्या पोरीकडे बोट दाखवेन, तिला पाड्यावर नावाने ओळखतात आणि नोटीस लागली की पहिला फोन तिला जातो.

अजून करण्यासारखं बरंच आहे. बदली म्हणून लावलेल्या हजारो झाडांची मोजणी दरवर्षी व्हायला हवी आणि ती मोजायला कॉलेजची पोरं लागतील, ठिकाण, नंबर, जिवंत का मेलेलं, एवढीच वही. पाड्यांच्या वनहक्काच्या दाव्यांना कागद शोधणारे लागतील, जुने सातबारे, जुन्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी लिहून घेणारे. आणि प्रत्येक वॉर्डात एकाने तरी पेपरातली वृक्षतोडीची जाहीर नोटीस वाचायचं काम अंगावर घ्यावं, बारीक अक्षरात येते, वाचायला पाच मिनिटं पुरतात आणि हरकतीची मुदत फार थोडी असते.